हसू येतं का?

राजकीय मीमवर बोलून झालं की शेवटी एक हात वर होतोच. शब्द बदलतात, रोख तोच असतो: दोन सेकंदांत बघून सोडून द्यायच्या चित्रामागे तुम्ही बार्त, बाख्तीन, स्टुअर्ट हॉल असे विचारवंत लावून देता, मग तुम्हाला मीम बघून हसू तरी येतं का? आजवर मी ‘येतं की’ म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

सुरुवात एका नासपतीपासून. १८३१ साली शार्ल फिलिपाँ हा चित्रकार-संपादक पॅरिसच्या कोर्टात उभा होता. राजा लुई-फिलिपची टवाळी केल्याचा आरोप. त्यानं बचावात चार रेखाटनं पुढे केली. पहिल्यात राजाचा चेहरा, दुसऱ्यात गाल थोडे सुटलेले, तिसऱ्यात आणखी, आणि चौथ्यात निव्वळ नासपती. त्याचं म्हणणं एवढंच, की साम्य हाच गुन्हा असेल तर सरकारला ही नासपतीसुद्धा आत टाकावी लागेल. सहा महिने कैद आणि २,००० फ्रँक दंड व्हायचा तो झालाच. पण नंतर पॅरिसच्या भिंतींवर नासपतीच नासपती दिसू लागल्या. राजाचा हुबेहूब चेहरा काढायला हात बसलेला लागतो, नासपती कुणालाही काढता येते. कुणी काढली ते कळत नाही, आणि कुणी हटकलंच तर ‘फळ आहे साहेब’ म्हणायची सोय. शेवटी १८३५ मध्ये व्यंगचित्र छापण्याआधी परवानगी घेण्याची सक्ती परत आणावी लागली.

मीम हा शब्द जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी घडवला १९७६ साली. त्यांच्या डोक्यात तेव्हा डोक्याडोक्यांतून पसरणाऱ्या चाली, कल्पना, कपड्यांच्या फॅशन असं काहीबाही होतं. नासपतीला या शब्दाची वाट बघावी लागली नाही. २०१३ मध्ये शी जिनपिंग आणि बराक ओबामा यांच्या फोटोशेजारी कुणीतरी विनी द पू हे अस्वल आणि त्याचा वाघोबा दोस्त ठेवला, आणि चिनी सेन्सॉरला एका गुबगुबीत अस्वलाच्या मागे धावावं लागलं, तेव्हा मला पहिल्यांदा फिलिपाँच आठवला.

आता हे वाचायला फ्रेंच सिद्धान्तच लागतो असं नाही. अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती आपण पाठ केलेल्या असतात. नासपतीचा वाच्यार्थ फळ, व्यंग्यार्थ राजा. कोर्टात वाच्यार्थ पुढे करायचा, रस्त्यावर व्यंग्यार्थानं काम साधायचं. आणि नवव्या शतकातले काव्यशास्त्रकार आनंदवर्धन बजावून गेलेत, की हा दुसरा अर्थ नुसतं व्याकरण नि कोश घोकणाऱ्याला लागत नाही, त्याला सहृदय, म्हणजे मर्म जाणणारा रसिक लागतो. आपण ‘सहृदय’ला फार सोज्वळ करून ठेवलंय. मीमच्या बाबतीत सहृदय म्हणजे ज्यानं आधीच काहीतरी मान्य केलेलं आहे असा माणूस. हसू हे त्या मान्यतेवर उमटलेला शिक्का. मला मीममध्ये खरा रस आहे तो इथे. ते काय सांगतं यापेक्षा, हसता यावं म्हणून मी आधीच काय कबूल करून बसलोय?

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९५७ मध्ये हेच एका मासिकाच्या मुखपृष्ठावर करून दाखवलं. फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णीय मुलगा, सलाम ठोकतोय. चित्र एवढंच. पण बघणाऱ्याच्या मनात न बोलता उतरतं ते असं, की फ्रान्सचं साम्राज्य किती मोठं, कुठल्याही रंगाचं लेकरू त्याच्याशी कसं इमान राखून आहे. मुलगा कुठला, त्याच्या अंगावर तो गणवेश कसा आला, हा इतिहास गळून जातो आणि उरलेलं चित्र ‘असंच तर असतं’ म्हणून समोर उभं राहतं. बार्त याला मिथक म्हणतात.

मीमच्या बाबतीत हे मिथक बहुतेकदा मजकुरात नसतं, साच्यात असतं. तो फोटो तुम्ही पाहिलेला असणारच: मैत्रिणीबरोबर चाललेला तरुण मान वळवून दुसऱ्याच मुलीकडे बघतोय आणि मैत्रीण अवाक. अंतोनियो गिएम या स्पॅनिश छायाचित्रकारानं २०१५ मध्ये विक्रीसाठी काढलेला साधा स्टॉक फोटो. २०१७ पासून त्यावर जगातल्या बहुतेक सगळ्या मतभेदांची लेबलं चिकटवून झाली. तरुण म्हणजे मतदार, मैत्रीण म्हणजे जुना पक्ष, लाल कपड्यांतली म्हणजे नवा. डाव्यांनी वापरलं, उजव्यांनी वापरलं. लेबलं बदलली, पण निवडणारा तो आणि निवडल्या जाणाऱ्या त्या, ही मांडणी तशीच राहिली. मत देणं म्हणजे विचार करणं नसून नजर घसरणं, हेही तसंच राहिलं. २०१८ मध्ये स्वीडनच्या जाहिरातविषयक देखरेख संस्थेनं हा फोटो वापरलेली नोकरीची एक जाहिरात स्त्रियांचं वस्तूकरण करणारी ठरवली, तेव्हा ‘मीमवर कसली कारवाई करता’ म्हणून पुष्कळ चेष्टा झाली. मला तो निर्णय मुद्देसूद वाटला. साच्याला कुणीतरी एकदा साच्यासारखं वाचलं.

मग चित्राचा अर्थ कायमचा ठरलेला असतो का? नाही. मॅट फ्युरी यांनी २००५ च्या सुमारास काढलेला पेपे बेडूक हा एक आळशी, निरुपद्रवी प्राणी. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अँटी-डिफमेशन लीग या ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेनं त्याची द्वेषमूलक रूपं द्वेषचिन्हांच्या यादीत घातली. २०१७ मध्ये फ्युरींनी वैतागून शवपेटीतला पेपे काढला. लेखक मेला, म्हणजे अर्थ ठरवणं आता त्याच्या हातात नाही, असं बार्त म्हणाले होते, इथे लेखकानं पात्राला मारलं तर पात्र मरेना. आणि २०१९ मध्ये तोच बेडूक हाँगकाँगच्या निदर्शकांच्या फलकांवर, लोकशाहीच्या बाजूनं. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये टीव्हीबद्दल मांडलं होतं, की पाठवणाऱ्याचा अर्थ काही जण जसाच्या तसा घेतात, काही घासाघीस करून घेतात, काही उलटवतात. बरोबर आहे. फक्त ते वाचून ‘म्हणजे कुठल्याही चित्राचा कुठलाही अर्थ’ असं कुणी म्हणायला लागलं की मी थांबवतो. उलटवायलासुद्धा चौकात उतरलेली माणसं लागली.

‘अहो, मस्करी होती’ हे उत्तर तर तुम्हीही ऐकलं असेल. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रनं १९४६ मध्ये ज्यूद्वेष्ट्यांबद्दल लिहून ठेवलंय, की आपलं बोलणं पोकळ आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. शब्द जबाबदारीनं वापरायचं ओझं समोरच्यावर, त्यांच्या वाट्याला नुसता खेळ. गंभीर प्रतिवाद करणारा हास्यास्पद ठरतो, आणि तेच तर हवं असतं. अशा वेळी मीमप्रेमी रशियन विचारवंत बाख्तीनचा दाखला देतात: कार्निवलमधलं, म्हणजे सगळं उच्चनीच उलटंपालटं करणाऱ्या जत्रेतलं हसू सत्तेला खाली खेचतं. स्टॅलिनच्या राजवटीत हद्दपारी भोगलेल्या माणसानं हे लिहिलं याचं मोल मोठं आहे. पण त्याचा कार्निवल हसणाऱ्यालाही हसतो, त्यात प्रेक्षक बाजूला उभा राहत नाही. स्वतःला वगळून हसणाऱ्या मीमला कार्निवल म्हणणं मला पटत नाही.

पण तुम्ही माझ्या हसण्याबद्दल विचारलं होतंत.

मध्यंतरी एक मीम आलं. सभागृहात एक महिला नेत्या ओरडताहेत, डोळे मोठे, बोट रोखलेलं. खाली लिहिलेलं: ‘कुणीतरी माझा चार्जर नेला!’ मी फस्सकन हसलो. शेजारी अकरा वर्षांची भाची. म्हणाली, मामा, काय आहे दाखव. दाखवलं. तिला काही कळेना. समजावून सांगायला लागलो, ‘अगं बघ ना, बायका कशा छोट्याशा गोष्टीवरून...’ आणि जीभ तिथेच अडली. ते वाक्य मी जन्मात मोठ्यानं बोललो नसतो. हसताना मात्र मनातल्या मनात बोलून मोकळा झालो होतो.

तिनं तेवढ्यात सरळ विचारलं, ‘पण ती खरं कशावरून ओरडत होती?’

मला माहीत नव्हतं. बार्त वर्षानुवर्षं वाचून मला तो प्रश्न पडला नव्हता. मग दोघांनी मिळून ते भाषण शोधून काढलं. नेत्या बराच वेळ हळू आवाजात, कागदावर बघत बोलत होत्या. मध्येच आवाज येईनासा झाला. त्यांनी माईककडे बोट दाखवलं, एकदा, मग पुन्हा. कुणी लक्ष दिलं नाही. मग त्या माईकशिवाय बोलायला लागल्या, आणि मागच्या बाकांपर्यंत ऐकू जावं म्हणून जेवढा लागतो तेवढा आवाज त्यांनी लावला. मीममधलं चित्र त्या क्षणाचं.

‘म्हणजे माईक बंद होता,’ भाची म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

मी ते मीम पुन्हा उघडून पाहिलं. आता सगळं माहीत होतं, साचा, मिथक, माईक. तरी चार्जर वाचताच ओठ हललेच.

येतं. हसू येतं.