कात टाकल्याशिवाय पिल्लू विकणार नाही: आमची वाटचाल

पर्णकीटक म्हणजे हुबेहूब पानासारखे दिसणारे, हौसेने पाळले जाणारे कीटक. त्यांचा धंदा आम्ही फिलियम फिलिपिनिकम या जातीवर सुरू केला आणि आजही पोट त्याच जातीवर आहे. ही जात नराशिवायही अंडी घालते, त्यामुळे माल कधी तुटला नाही. बरी गेलेली वर्षं सोडून देतो.

धंदा बुडायला आला तो एका विक्रेत्यामुळे. त्याने अंड्यातून नुकतीच निघालेली, पानाला तोंडही न लावलेली पिल्लं आमच्या निम्म्या भावात विकायला काढली. ताजं पिल्लू तांबूस-तपकिरी असतं, मुंगीसारखं सैरावैरा पळतं. पोटात पान गेल्यावर हळूहळू हिरवं होतं. बरीचशी खायला सुरुवातच करत नाहीत आणि काही दिवसांत मरतात. गिऱ्हाइकांकडे तेच झालं. ‘ही जातच नाजूक’ असा बोभाटा झाला नि आमच्याही ऑर्डरी थांबल्या. मेला माल त्याचा, बदनामी आमची!

आम्ही मात्र पहिली कात टाकल्याशिवाय पिल्लू बाहेर काढत नाही. लहान जाळीदार डबा घ्यायचा, ब्रॅम्बल (ब्लॅकबेरीसारखं काटेरी झुडूप), ओक किंवा पेरूची पानं चारही बाजूंना टेकतील इतकी दाट भरायची. पानाची कड कात्रीने कापायची, कारण मूळ कड कोवळ्या जबड्यांना जड जाते. खाती झालेली दोन-तीन मोठी पिल्लं सोबत सोडायची. पानांची फांदी ज्या पाण्याच्या बाटलीत उभी ठेवतो तिचं तोंड कापसाने बंद करायचं, नाहीतर पिल्लं बुडतात. उचलायचं ते मऊ कुंचल्यानेच. चिमटीत धरलं की पाय तुटून हातात येतो.

त्या पडत्या काळात एका शिक्षिकेने अंड्यांची मागणी चालूच ठेवली. अंडी दमट व्हर्मिक्युलाइटवर (ओल धरून ठेवणारं दाणेदार खनिज), २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून पिल्लं निघेपर्यंत चार ते सहा महिने थांबायची त्यांची तयारी असायची. बुरशी धरू नये म्हणून त्या डब्यात स्प्रिंगटेल, म्हणजे बुरशी खाणारे बारीक जीव, सोडत. असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पिंजऱ्याची उंची मादीच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी. कात टाकताना ती उलटी लटकते आणि जागा कमी पडली तर वाकडी होते. फवारा संध्याकाळी मारा, सकाळपर्यंत जाळी सुकली पाहिजे. कोंदट ओल कोरडेपणाइतकीच घातक. कीटकांच्याच अंगाच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तर गर्दी झाली आहे किंवा पान वाळलं आहे.

तो विक्रेता हल्ली ‘खाती पिल्लं’ अशी जाहिरात करतो. घेण्याआधी डब्याच्या तळाचा फोटो मागा. बारीक काळी विष्ठा दिसली तरच पैसे पाठवा.