केस उतरवणारी धार आणि उसाचा कोयता

गेल्या हंगामात ऊसतोडीच्या तोंडावर मला धार लावण्याचा नाद लागला. बेळगावच्या खडेबाजारातून मी एक दगड आणला, एका बाजूला १००० नंबरचा म्हणजे जरा खरबरीत आणि दुसऱ्या बाजूला ६००० नंबरचा म्हणजे अगदी गुळगुळीत, आणि खानापूरकडच्या आमच्या शेतावरचा कोयता दोन संध्याकाळी त्यावर घासत बसलो. धार मेलेली असली की दिव्याखाली तिच्यावर बारीक पांढरी रेघ चमकते. ती रेघ दिसेनाशी झाली आणि मनगटावरचे केस कोरडेच उतरू लागले, तेव्हा मला मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी पहिली सरी संपण्याआधीच तो कोयता ऊस तोडण्याऐवजी चेचू लागला. जिथे घाव पेरावर बसला होता तिथे धार एका अंगाला वळली होती आणि एके ठिकाणी तांदळाच्या दाण्याएवढी कपची उडाली होती. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते आणि उंच राहिलेले बुडखे खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, नडतात. त्यामुळे कोयता मातीत जातोच, अधूनमधून खड्यावरही बसतो. मी दोन्ही अंगांना सुमारे १५ अंशांचा उतार काढला होता, जो भाजीच्या सुरीला शोभतो. घाव घालायच्या हत्याराला प्रत्येक अंगाला २५ ते ३० अंश ठेवावे लागतात, कारण धारेच्या पाठीशी लोखंड असेल तरच ती मार सोसते.

"काय करून ठेवलासा हे? दाढी करणार हाईसा काय ह्यानं?" लोहारकाकांनी कोयता बघताच विचारले. त्यांनी कानशीने उतार आखूड केला, पलीकडच्या अंगाला आलेली लोखंडाची बारीक कड अंगठ्याने चाचपून एकदाच कानस फिरवून काढून टाकली आणि धार नखावर टेकवून पाहिली. ती घसरली नाही, एवढीच त्यांची परीक्षा. त्या खरबरीत धारेवर, दुपारी एकदा कानस फिरवून, माझा सबंध दिवस निघाला.

घरातल्या विळीवरही मी ६००० चा प्रयोग केला होता, आणि आईची तक्रार होती की ती टोमॅटोच्या सालीवरून निसटते. १००० च्या बाजूवर चार हात मारल्यावर साल लगेच तुटू लागली, कारण त्या धारेला डोळ्यांना न दिसणारे दात राहतात. भाताच्या विळ्याला तर उघड दातेच असतात. भाताच्या काडात वाळूसारखी सिलिका असते आणि साधी धार तिने लवकर झिजते.

वस्तऱ्याचे आणि पटाशीचे गणित मात्र वेगळे आहे. सागाच्या चौकटीवर पातळ ढलपी काढताना गुळगुळीत धारच लागते, म्हणून तो दगड आता बहुतेक वेळा आमच्या शेजारच्या सुतारमामांकडेच असतो.