शकुंतलेच्या वेगानं, अलेगेनीच्या डोंगरांतून

अमेरिकेच्या पूर्वेकडचे अलेगेनीचे डोंगर ओलांडायचे आणि तरीही सायकलवरून उतरून ती कुठे ढकलत न्यावी लागू नये, असा एक रस्ता आमच्या पिट्सबर्गपर्यंत येतो. मेरीलँडमधल्या कंबरलंडला सुरू होतो आणि दीडशे मैलांवर, म्हणजे २४१ किलोमीटरवर, पिट्सबर्गच्या नद्यांच्या संगमापाशी संपतो. नाव 'ग्रेट अलेगेनी पॅसेज'. इथले सायकलवाले नुसतं 'गॅप' म्हणतात. यावर एकेकाळी रूळ होते. रूळ गेले, भराव राहिला, पूल आणि बोगदे राहिले, आणि त्या भरावावर आता चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवलेला आहे. शहरांजवळचे तुकडे सोडले तर डांबर नाही.

माझा धाकटा भाऊ ऑक्टोबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याहून आला तेव्हा त्याला नायगारा वगैरे दाखवण्याआधी मी या रस्त्यावर नेलं. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि रोज सायकलनेच शाळेत जातो, त्यामुळे त्याच्या पायांची मला काळजी नव्हती. ॲमट्रॅक रेल्वेच्या पहाटेच्या गाडीत सायकली चढवल्या, कंबरलंडला उतरलो, आणि परत घराकडे निघालो. पिशव्यांमध्ये बायकोने केलेल्या तिखट पुऱ्या आणि भावाने आणलेली जवसाची चटणी. वाटेतल्या गावांत खायला मिळतं, पण दोन गावांमध्ये दहा-बारा मैल काहीच नसतं.

कंबरलंडपासूनचे पहिले चोवीस मैल चढाचे आहेत. त्यात साधारण साडेसतराशे फूट वर जायचं असतं. आकडा ऐकून माणूस घाबरतो, पण चढ कुठेही शंभर फुटांना पावणेदोन फुटांच्या वर जात नाही, म्हणजे साधारण एकास सत्तावन्न. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ एकास सदतीस आहे आणि तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. इथे मालगाड्या न अडखळता डोंगरापलीकडे गेल्या पाहिजेत म्हणून वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत हा मार्ग आखला आणि १९१२ मध्ये कॉनेल्सव्हिलपर्यंत नेला. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार पटकन घसरतं, म्हणून इंजिनाला चढ सोसत नाही. त्या इंजिनासाठी केलेलं खोदकाम, भराव, वळणं, सगळं आज सायकलवाल्याच्या पायांना मिळतं. ज्या मजुरांनी ते केलं त्यांची मला सारखी आठवण होत होती.

बराच वेळ गेल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, चढ आहे असं वाटूनच नाही राहिलं. फक्त पाय थांबवले की सायकल थांबते." चढाचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

फ्रॉस्टबर्गपर्यंत शेजारी अजून रूळ आहेत आणि त्यावर पर्यटकांची गाडी धावते. ब्रश नावाच्या बोगद्यातून तर गाडी आणि सायकली दोन्ही जातात. फ्रॉस्टबर्गच्या पुढे मेसन-डिक्सन रेषा लागते, मेरीलँड संपून पेनसिल्व्हेनिया सुरू होतं, आणि मग येतो बिग सॅव्हेज बोगदा. ३,२९४ फूट, म्हणजे एक किलोमीटर लांब. आत दिवे आहेत, तरी आम्ही सायकलींचे दिवे लावले. त्याच्या पूर्वेकडच्या तोंडाशी थांबून मागे पाहिलं तर मेरीलँडच्या डोंगररांगा एकामागे एक दिसतात, आणि ऑक्टोबरात त्या लाल, पिवळ्या, तपकिरी झालेल्या असतात. हिवाळ्यात बोगद्याची दारं बंद करतात. छतातून झिरपणारं पाणी आत गोठलं तर अस्तराला तडे जातात, म्हणून थंड हवाच आत जाऊ द्यायची नाही. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत इथून जाता येत नाही, हे बेत आखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

बोगद्यानंतर थोड्याच अंतरावर या रस्त्याचा माथा आहे, २,३९२ फुटांवर. हा पूर्वेकडचा मोठा जलविभाजक. इथे एका बाजूला पडलेला पाऊस पोटोमॅकमधून अटलांटिकला जातो, दुसऱ्या बाजूचा ओहायो आणि मिसिसिपीमधून मेक्सिकोच्या आखाताला. तिथल्या भुयारी रस्त्याच्या भिंतीवर त्याचं चित्र काढलेलं आहे. भाऊ ते बराच वेळ पाहत उभा राहिला, आणि मग त्याने मला जे सांगितलं ते इतकी वर्षं दारव्ह्यात वाढून माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"आपली शकुंतला हेच तर करायची. मूर्तिजापूरचं पाणी पूर्णेला, पूर्णेचं तापीला, तापीचं अरबी समुद्राला. आणि आपल्याकडचं पाणी अडाणला, अडाणचं पैनगंगेला, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी, बंगालचा उपसागर. मूर्तिजापूरहून दारव्ह्याला येता येता गाडी एका समुद्राच्या खोऱ्यातून दुसऱ्या समुद्राच्या खोऱ्यात शिरायची. पोरांना शिकवतो मी हे."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी, आता बंद पडलेली आमची छोटी गाडी. अडीच फुटांचे रूळ. वऱ्हाडातला कापूस मुख्य लाइनपर्यंत पोचवायला इंग्रजी कंपनीने बांधलेली. १९९४ मध्ये डिझेल आलं तोवर वाफेचं इंजिन होतं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. दारव्हा मोतीबाग हे आमचं स्टेशन. मामाकडे मूर्तिजापूरला जायचं तर खिडकीतली जागा धरून अर्धा दिवस काढायचा, शेतं, पऱ्हाटी, पळसाची झाडं बघत. ताशी वीस किलोमीटरच्या आसपासचा वेग. चुनखडीच्या चुऱ्यावर सामानासकट आम्ही दोघं चालवत होतो तो वेग थोडा त्याच्या खालीच असेल. त्या वेगाला शेतातल्या माणसाचा चेहरा दिसतो. गाय कुठल्या जातीची, मका काढला की उभा आहे, कुणाच्या अंगणात धुणं वाळतंय, सगळं दिसतं.

मायर्सडेलला मुक्काम केला. जुनं स्टेशन आता संग्रहालय आहे. रात्रभर मालगाड्यांचे भोंगे ऐकू येत होते, कारण खोऱ्यातली दुसरी, आधीपासूनची रेल्वे जिवंत आहे. पिट्सबर्गकडे जाताना जवळजवळ संपूर्ण वाटेवर ती साथ देते, बहुतेक वेळा नदीच्या पलीकडच्या काठावरून. दोन कंपन्यांनी एकाच खोऱ्यातून समोरासमोर रूळ टाकले. धंदा कमी झाला तशी एक टिकली, आमच्या पायाखालची १९७५ मध्ये बंद झाली.

सकाळी मायर्सडेल सोडल्यावर सॉल्सबरीचा पूल. हा पूल बघायला म्हणून कुणी एवढ्या लांब आलं तरी मला ते पटेल. १,९०८ फूट लांब, कॅसलमन नदीपासून शंभर फूट उंच, १९१२ चाच. खाली नदी, हमरस्ता, रूळ, शेतं, आणि समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या. आम्ही गेलो तेव्हा खोऱ्यात धुकं होतं, त्यातून मालगाडी येताना आधी ऐकू आली आणि मग पुलाखालून डबे निघत राहिले, कोळशाने भरलेले. भाऊ डबे मोजत होता, शेवटी त्याने नाद सोडला.

पुढे कॉन्फ्लुएन्स आणि ओहायोपाइल. नदीचं नाव यॉकागेनी, लोक लाडाने 'यॉक' म्हणतात. ओहायोपाइलला धबधबा आहे, राफ्टिंग आहे, जवळच फ्रँक लॉइड राइटने ओढ्यावर बांधलेलं प्रसिद्ध घर आहे. गर्दी असते. या सगळ्यावर पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून मी पुढे जातो.

कॉनेल्सव्हिलनंतर गर्दी ओसरते, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग सुरू होतो. इथून पुढची वाट दुसऱ्या, पिट्सबर्ग अँड लेक एरी कंपनीच्या जुन्या मार्गावरून जाते. हे कोळशाचं खोरं. पिट्सबर्गच्या पोलादाला लागणारा कोक, म्हणजे भट्टीत भाजलेला कोळसा, इथे तयार व्हायचा. झाडीत विटांच्या घुमटाकार भट्ट्यांच्या ओळी अजून दिसतात, त्यांच्या तोंडातून झाडं उगवलेली. काही ठिकाणी वाटेशेजारचा ओढा गर्द नारिंगी असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो सुंदर वाटतो. बंद खाणीत साचलेलं पाणी पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजावरून वाहतं, आम्लधर्मी होतं, लोह घेऊन बाहेर पडतं आणि हवा लागली की दगडांवर गंजाचा थर धरतो. त्या पाण्यात मासे जगत नाहीत. खाण बंद होऊन कितीतरी वर्षं लोटली तरी पाणी वाहतच राहतं.

व्हॅन मीटर नावाच्या वस्तीजवळ वाट डार खाणीपाशी येते. १९ डिसेंबर १९०७ ला इथे स्फोट झाला आणि २३९ माणसं गेली, त्यात पोरगे होते. बरेचसे पूर्व युरोपातून नुकतेच आलेले. बातमी देणारी पाटी वाटेवरच आहे. त्या दिवशी जुन्या पंचांगाप्रमाणे संत निकोलसचा सण होता. सण पाळणारे कितीतरी कामगार खाणीत न उतरता चर्चला गेले होते, म्हणून वाचले. त्याच महिन्याच्या सहा तारखेला वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगाह खाणीत साडेतीनशेहून अधिक माणसं मेली होती. दोन आठवड्यांत दोन खाणी. पुढे १९१० मध्ये देशात खाणींसाठी स्वतंत्र सरकारी विभाग झाला, त्यामागे हे मृत्यू होते.

भाऊ पाटीपुढे हेल्मेट काढून उभा राहिला. वणीकडच्या खाणींत काम करणाऱ्यांची मुलं त्याच्या वर्गात बसून गेली आहेत. पाटीचा फोटो काढून म्हणाला, "पोरांना हे वाचून दाखवीन." त्यानंतर वेस्ट न्यूटनपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही.

मॅकीस्पोर्टनंतर वाट डांबरी होते आणि शहर सुरू होतं. होमस्टेडला १८९२ मध्ये पोलाद कामगारांचा मोठा लढा झाला त्या जागेवरून जात जात आपण संगमावर पोचतो. तिथे जमिनीवर दगडी खूण आहे. फोटो काढले, घरी फोन केला.

रात्री जेवताना मात्र आम्ही भांडलो, आणि त्याबद्दल लिहायचं म्हणूनच मी हे सगळं लिहायला घेतलं.

हा रस्ता एका झटक्यात झालेला नाही. पहिला तुकडा १९८६ मध्ये ओहायोपाइलला उघडला आणि शेवटचा सांधा २०१३ मध्ये जुळला. सत्तावीस वर्षं गावोगावचे स्वयंसेवक तुकडे जोडत बसले. इथे रेल्वे कंपनीकडे बऱ्याच ठिकाणी जमिनीची मालकी नसते, फक्त गाडी नेण्याचा हक्क असतो. गाडी कायमची बंद झाली की हक्क संपतो आणि पट्टा शेजारच्या शेतमालकांकडे जातो. एकदा तो असा तुटला की पुन्हा जोडता येत नाही. म्हणून १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: बंद मार्ग पायवाटेसाठी वापरायचा, पण कागदावर तो रेल्वेचाच राहील, आणि उद्या गाडी हवी झाली तर रूळ टाकता येतील. याला 'रेलबँकिंग' म्हणतात. गॅपचा प्रत्येक तुकडा याच वाटेने वाचला असं नाही, पण अमेरिकेत असे हजारो मैल याने वाचले.

मी म्हणालो, शकुंतलेच्या मार्गावर असंच करावं. भाऊ चिडला. "आम्हाले गाडी पाहिजे, दादा. कारंज्याच्या म्हातारीनं अकोल्याच्या दवाखान्यात सायकलवर जायचं काय?" तो बरोबर आहे. गावची माणसं गाडी परत मिळावी म्हणून अर्ज करतात, ब्रॉडगेज मागतात, आणि माझंही मागणं तेच आहे. सायकलची हौस गाडीची जागा घेऊ शकत नाही. पण मी त्याला परत परत तोच मुद्दा सांगत राहिलो: गाडी येईल तेव्हा येईल, तोवर पट्टा अखंड राहिला पाहिजे. जिथून रोज माणसं चालतात, पोरं शाळेत जातात, तिथे कुणाला कुंपण घालता येत नाही. रिकामी पडलेली जमीन मात्र बांधाबांधाने आत सरकत येते. शेवटी तो म्हणाला, "वापर हाच पहारा, असं म्हणतोस तू." हो, तेच म्हणतोय.

त्याचा आता असा बेत आहे की दिवाळीनंतर नववीच्या मुलांना घेऊन दारव्ह्यापासून कारंज्याच्या दिशेने जुन्या लाइनीने चालत जायचं, प्रत्येक मोरी आणि पूल नकाशावर मांडायचा, कुठे भराव शाबूत आहे आणि कुठे नाही ते लिहून काढायचं, आणि जलविभाजक नेमका कुठे येतो ते मुलांनाच शोधायला लावायचं. मी इथून जुने नकाशे धुंडाळतोय. कुणाच्या घरी शकुंतलेची जुनी वेळापत्रकं, तिकिटं किंवा मोतीबाग स्टेशनचे फोटो असतील तर मला कळवा, मुलांना फार उपयोग होईल.