'मस्ट'ची वही : चौदा चिठ्ठ्या, त्यातल्या दोन फाडलेल्या

इंग्रजी क्रियापदं मराठीशी ताडून पाहत मी एकेका मुद्द्याची चिठ्ठी लिहितोय. मागच्या नोंदीत 'शुड'वर गाडी अडली होती. ते बाजूला ठेवून 'मस्ट' घेतलं, म्हटलं दोन दिवसांत उरकेल. आज तीन आठवडे झाले.

पहिली फाडलेली चिठ्ठी भूतकाळाची. 'मस्ट'चं भूतकाळी रूप शोधत बसलो होतो. ते मिळणार कुठून? 'मस्ट' हेच मुळात भूतकाळी रूप! जुन्या इंग्रजीत 'मोटान' क्रियापद होतं, त्याचं भूतकाळी रूप 'मोस्ते'. वर्तमानातलं 'मोट' झिजून गेलं (फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाच्या 'सो मोट इट बी', म्हणजे 'तथास्तु', यात तेवढं उरलंय) आणि भूतकाळातला गडी वर्तमानात ठाण मांडून बसला. म्हणून 'काल जावं लागलं' म्हणायला इंग्रजांना 'हॅड टू'ची उसनवारी करावी लागते. शिवाय 'मोटान'चा अर्थ सक्ती नव्हताच, मुभा होता.

दुसरी चिठ्ठी नकाराची. 'यू मस्ट कम' म्हणजे यायलाच पाहिजे. तर 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे 'यायलाच पाहिजे असं नाही', असं मी लिहून मोकळा. साफ चूक. त्याचा अर्थ 'अजिबात यायचं नाही'. 'नाही आलास तरी चालेल' यासाठी 'नीड नॉट' किंवा 'डोन्ट हॅव टू'. जर्मनीतल्या भाचीला विचारलं तर ती हसायलाच लागली. तिकडे 'मस्ट'चं सख्खं भावंड 'म्युसेन' आहे, आणि 'डू मुस्ट निश्त कोमेन' म्हणजे 'तुला यायची गरज नाही'. एकाच घरातले दोघे, नकार आला की तोंडं दोन दिशांना.

आता या आठवड्याची खरी कमाई. भाचीचा फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "उद्या पोळ्यांच्या बाईंना यायला नको म्हणावं, पोळ्या मी करते." यायला नको! 'येऊ नको' नव्हे. 'येऊ नको' म्हणजे मनाई, 'यायला नको' म्हणजे सुट्टी. ज्या फरकासाठी इंग्रजी दोन वेगळी क्रियापदं वापरतं, तो आपण एका 'नको'वर भागवतो, फक्त आधीचं रूप बदलतो. पन्नास वर्षं मराठी बोलतोय, हे कधी कानावरच घेतलं नव्हतं.

'ही मस्ट बी होम'मधल्या तर्काच्या 'मस्ट'ला तीन चिठ्ठ्या गेल्या. तिथेही आपला 'पाहिजे' चालतो : 'एव्हाना पोचला असला पाहिजे'. पण दार वाजल्यावर आपण 'पोस्टमन असला पाहिजे' क्वचितच म्हणतो; 'पोस्टमन असणार' म्हणतो. आणि 'पाहिजे' तरी कुठे साधा आहे? 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप ते ('पाहिलं जातं' अशा अर्थाचं), 'म्हणिजे'च्या, म्हणजे आजच्या 'म्हणजे'च्या, जातीचं.

हत्तीच्या माजालाही इंग्रजीत 'मस्ट' म्हणतात, पण तो फारसीतला आपलाच 'मस्त'. त्याची चिठ्ठी वेगळ्या डब्यात.

एक चिठ्ठी अर्धवट आहे. 'जायला हवं' आणि 'जायला पाहिजे' यांत मला फरक ऐकू येतो. दुसऱ्यात आवाज थोडा चढतो. पण कागदावर मांडता येत नाही. तुमच्या घरी यांतलं एकच वापरतात का? कोणतं, आणि कुठल्या भागात, तेवढं कळवा.