मुंगसाचं चित्र आणि माझा जुना ब्रश

काल रात्री मुंबईहून परत आले. चित्रं टेम्पोतून उतरवून हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलीयत, बबल रॅप पण सोडलेलं नाही अजून, पण हे आत्ताच लिहिते नाहीतर राहून जाईल.

जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनासाठी आठवडा मिळवायचा म्हणजे अर्ज टाकून वर्षानुवर्षं वाट बघायची, हे आपल्यातल्या सगळ्यांना माहितीय. मंगळवारी सुरू, सोमवारी संपलं, रोज अकरा ते सात. 1952 पासून उभी असलेली ही जागा, आत यायला तिकीट नाही, त्यामुळे काळा घोड्याला कशाहीसाठी आलेला माणूस सहज आत शिरतो. कॉलेजची मुलं, कोर्टाच्या कामाला आलेले, नुसतं ऊन टाळायला आलेले सुद्धा. मला तेच सगळ्यात जास्त आवडलं.

एकूण 22 जलरंग होते. शेकरू, माळढोक, खंड्या, रानडुकराची पिल्लं. वाघ कुठाय असं पहिल्या दिवसापासून लोक विचारत होते, वाघ एकच होता आणि तो पण पाठमोरा. पण दारातून आल्या आल्या समोर दिसेल असं मी मुद्दाम मुंगूस लावलं होतं.

मुंगूस रंगवायला फार अवघड हो. लांबून करडं दिसतं, पण जवळून बघितलं तर एकेका केसावर आलटून पालटून फिके आणि गडद पट्टे असतात, त्यामुळे अख्खं अंग मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं दिसतं. आधी पातळ पिवळसर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने एकेक फटकारा, शेपटीपर्यंत. आणि डोळा! मांजराची बाहुली उभी असते, मुंगसाची आडवी. ती आडवी रेघ जमली नाही तर ते मुंगूस वाटतच नाही, मी तीन कागद फुकट घालवले त्या डोळ्यापायी. शेवटी बांधावरून पळता पळता मान वळवून मागे बघणारं काढलं.

बुधवारी एक आजोबा, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, त्या चित्रासमोर बराच वेळ उभे होते आणि मग हळूच म्हणाले, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, रामाची शपथ." मला एकदम भरूनच आलं. आम्ही पण शाळेच्या वाटेवर हेच ओरडायचो आणि त्याने वळून बघितलं की दिवस चांगला जाणार!

आता जे लिहायला बसले ते. कॉलेजला असताना सरांनी सांगितलेला ब्रश आणला होता मी, चार नंबर, टोक इतकं बारीक आणि केस इतके ताठ की पाणी धरूनही आकार सोडायचा नाही. अकरा वर्षं वापरला. पक्षी रंगवले, हरणं रंगवली. तो मुंगसाच्या केसांचा होता हे मला खूप उशिरा कळलं. केसांसाठी मुंगसं कोणी पाळत नाही, केस हवेत म्हणजे रानातली फासे लावून पकडायची आणि मारायची. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, हे ब्रश विकणं-घेणं गुन्हा आहे, तरी दुकानात मागितले की काउंटरखालून निघतात, कधी दुसऱ्याच नावाने. हे सगळं मी चित्राशेजारच्या कार्डावर लिहिलं होतं, आणि हे चित्र पूर्ण सिंथेटिक ब्रशने केलंय हेही.

शनिवारी एका मुलीने ते कार्ड दोनदा वाचलं आणि सॅकमधून स्वतःचे ब्रश काढले. "मॅडम, यातला कुठला आहे का बघता?" मी त्यातला एक दिव्याखाली धरला. टोकाला गडद तपकिरी, मध्ये फिकट पट्टा, मुळाशी परत गडद. तिने चित्राकडे बघितलं, मग ब्रशकडे. दोन्हीकडे तेच पट्टे. काही बोललीच नाही ती. मी म्हटलं, "अगं, मला पण तुझ्या वयात कोणी सांगितलं नव्हतं."

सिंथेटिक तेवढं पाणी धरत नाही हे खरंय, मी खोटं कशाला सांगू, ब्रश सारखा बुडवावा लागतो आणि टोक लवकर वळतं, वर्षाला दोन-तीन लागतात. पण केसाची रेघ येते, नक्की येते. टेबलावर माझा ब्रश होताच, तिच्या हातात दिला, आणि तिने तिथेच उभ्या उभ्या प्राइस लिस्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शेपटीचे सात-आठ फटकारे मारले, पहिले दोन जाड, मग एकदम सुरेख.

मुंगसाच्या चित्राला रविवारी लाल टिकली लागली, म्हणजे ते विकलं गेलं. तिचा तो कागद मात्र मी जपून ठेवलाय, फक्त कुठल्या चित्रामागे खोचला तेवढं आता शोधायचंय.