न रडलेल्या मुलीची साक्ष

समन्स आलं तेव्हा पोरीला कुठे रात्रभर सलग झोप लागायला लागली होती. दोन घरं सोडून राहणाऱ्या ‘काकां’नी जे केलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती; साक्षीला बोलावलं तेव्हा बारा. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम ३५ सांगतं, की न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. आमच्याकडे हे वाक्य प्रशिक्षणातच ऐकायला मिळतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मी बालकल्याण समितीने दिलेली सपोर्ट पर्सन, म्हणजे खटल्यात मुलाच्या सोबतीला असणारी. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर आघातातून गेलेल्या मुलांच्या उपचारांचं वेगळं शिक्षण घेतलं. त्या उपचारात एक टप्पा असा असतो, की मूल झालेली गोष्ट हळूहळू स्वतःच्या शब्दांत मांडतं, वहीत लिहितं, चित्रं काढतं; सांगून सांगून आठवणीची धार कमी होते. खटला चालू असताना हा टप्पा घ्यावा का, यावर आमच्यातच दोन तट आहेत. घेतला तर वकील म्हणणार, साक्ष पढवली. नाही घेतला तर पोरीने इतकी वर्षं काढायची कशी? मी त्या गोष्टीच्या वाटेला गेले नाही. झोप, जेवण, शाळा आणि छातीत धडधडायला लागलं की शरीर ताळ्यावर कसं आणायचं, एवढंच घेतलं. तळपाय जमिनीवर दाबायचे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. दिसतील त्या पाच वस्तू मनातल्या मनात मोजायच्या.

साक्षीच्या आधी तिला रिकामं कोर्ट दाखवून आणलं. न्यायाधीश साहेब कुठे बसतात, टाइप करणारी बाई कुठे, मी कुठे. नियम तीनच सांगितले: प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हण, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, बाथरूमला जायचं असेल तर हात वर कर. घटनेबद्दल चकार शब्द नाही. साक्षीदाराच्या खुर्चीत ती बसली तेव्हा लक्षात आलं, पाय लोंबकळताहेत. तळपाय दाबणार कुठे? ही गोष्ट कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडायची नाही. पट्टेवाल्याला म्हटलं, मामा, काहीतरी बघा. साक्षीच्या दिवशी त्यांनी कुठून तरी लाकडी पाट पैदा करून खुर्चीखाली सरकवून ठेवला होता. अख्ख्या यंत्रणेत फारसं न सांगता कळणारा माणूस तेवढा एकच भेटला, असं मी आजही म्हणते.

आरोपी तिला दिसू नये, हे कलम ३६. त्यासाठी मध्ये हिरवा पडदा लावलेला होता. पडद्याने दिसायचं थांबतं, ऐकू यायचं नाही. सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, अर्ध्यावर आली आणि पडद्यामागून कोणी तरी खाकरलं. पोरीची मान ताठ झाली. तो आवाज तिने ओळखला हे मला पाठीमागूनही कळलं. मला बोलायची मुभा नाही. तिने दोन्ही पाय पाटावर असे दाबले, की पाट फरशीवर कुरकुरला. मग लांब श्वास सोडला आणि पुढचं उत्तर दिलं, अगदी सपाट आवाजात, पाढे म्हणावेत तसं. शेवटपर्यंत तोच आवाज.

उलटतपासणी. कलम ३३ प्रमाणे बचाव पक्षाने प्रश्न न्यायाधीशांना द्यायचे आणि त्यांनी मुलाला विचारायचे. सुरुवातीचे दोनचार प्रश्न तसे गेले, मग वकीलसाहेब थेटच विचारू लागले. कोणी अडवलं नाही.

“या ताई तुला भेटायला यायच्या?”

“हो.”

“असं शांत बसायला त्यांनीच शिकवलं ना?”

“हो.”

खरंच होतं ते. खरं बोल, असं तिला प्रत्येकाने सांगितलं होतं.

“आणि काय बोलायचं, तेही?”

“नाही. बोलायचं नाही शिकवलं. ताई म्हणाली, आठवत नसेल तर आठवत नाही सांग.”

जबाबात काय उतरलं ते मी नंतर वाचलं. ‘हे म्हणणे खरे आहे, की सपोर्ट पर्सनने मला कसे बसायचे ते शिकवले.’ पुढच्या ओळीत: ‘काय बोलायचे ते शिकवले, हे म्हणणे खरे नाही.’ पाय, पाट, खाकरणं यातलं काहीच कागदावर नाही. सरकारी वकिलांना फेरतपासणी घेऊन, म्हणजे तिला पुन्हा प्रश्न विचारून, हा धागा सोडवता आला असता. त्यांच्या हातात पुढच्या केसची फाइल आली होती. बाहेर मला म्हणाले, “मॅडम, पोरगी छान बोलली. पण जरा रडली असती ना, तर बरं झालं असतं.”

माणूस वाईट नाही. कामाचा डोंगर आहे त्यांच्यावर, पोरीला ते त्याच सकाळी पहिल्यांदा भेटले. पण ‘जिच्यावर असं झालं ती रडणारच’ हे कोर्टाच्याच नाही, गल्लीच्याही डोक्यात घट्ट बसलेलं आहे. आघातानंतर काही मुलं रडतात, काही हसतात, काही अशी सपाट होतात. मन स्वतःला घटनेपासून लांब नेऊन ठेवतं. त्यात ही मुलगी तर ताळ्यावर यायला शिकलेली. म्हणजे उपचार जितका लागू पडला, तितकी साक्ष लोकांना खोटी वाटायची शक्यता वाढली. हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही. वरिष्ठांशी बोलले तर त्या म्हणाल्या, निकाल आपलं काम नाही, मूल आपलं काम. बरोबर आहे. पण मुलाला निकाल कळणारच आहे ना.

निकाल यायचाय. पोर शाळेत जातेय, कबड्डीच्या संघात आहे.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका मुलीची साक्ष आहे. तिलाही तळपाय आणि श्वास शिकवणार, यात बदल नाही. फरक एवढाच, की कलम ३९ मध्ये तज्ज्ञांची मदत घ्यायची सोय आहे, तिचा वापर करा म्हणून सरकारी वकिलांना आत्ताच लेखी दिलंय. मुलं आघातानंतर कशी कशी वागतात हे मानसोपचारतज्ज्ञाने कोर्टात सांगावं, शिकवलं काय आणि काय नाही हेही आमच्याकडून आधीच नोंदीवर यावं. अर्जाची पोच घेतली आहे. वकिलांचा फोन अजून आलेला नाही. सोमवारी स्वतःच जाऊन बसणार आहे.