मशीन अंगठा घेत नव्हतं

बुधवार, रात्री साडेदहा

सकाळी पावणेसातला गेटवर पंचिंगची रांग अडली. चौथ्या टेबलावरच्या मावशींचा अंगठा मशीन घेत नव्हतं. अ‍ॅप्रनला पुसून पुसून त्यांनी तीनदा ठेवला, तिन्ही वेळा लाल दिवा. मागचे ओरडायला लागले म्हणून मी बाहेर आले आणि त्यांचं बोट धरून टेकवायला गेले. हात भाजावा इतका तापलेला, वर घामाने ओला.

"मावशी, ताप आहे तुम्हाला."

"रात्रीचा आहे, मॅडम. गोळी घेतलीय. खाडा नको."

चौथ्यांदा हिरवा दिवा लागला. त्या मान खाली घालून आत गेल्या.

भोसरीतल्या या कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-पगाराच्या कामाला, मला अकरा वर्षं झाली. माणसं अंगात ताप घेऊन कामावर का येतात, हे माझ्या मस्टरमध्ये लिहिलेलं आहे. महिनाभर एकही खाडा नसेल तर आमच्याकडे १,००० रुपये हजेरी भत्ता. एक खाडा पडला की ५००. दुसरा पडला की काहीच नाही. शिवाय कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाची त्या त्या दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच. दोन दिवस अंथरुणाला खिळलं की महिन्याचा किराणा हलतो.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, आहे ना, असं वरच्या मजल्यावरचे म्हणतात. आहे, आणि मला त्याची किंमत ठाऊक आहे. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याचे ०.७५ टक्के कापले जातात, ३.२५ टक्के कंपनी भरते. आजारपणात रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. ऑपरेशनच्या वेळी या पैशांवर तरलेली घरं मी पाहिली आहेत. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात सहसा धरत नाहीत. आणि पावसाळ्यातला ताप असतो तरी किती दिवसांचा? दोन, फार तर तीन. म्हणजे माणसं ज्या दुखण्याने सर्वात जास्त वेळा पडतात, नेमकं तेच त्यांच्या पदरचं.

मावशींना घरी जा म्हणताना जीभ जड झाली, कारण गेल्या महिन्यात मीही अशीच ताप घेऊन कामावर आले होते. पाच तारखेला १०२ ताप होता. सात तारखेच्या आत १८० जणांचा पगार व्हायला हवा, शीट मी सोडून कुणाला येत नाही. घरी मी पगाराचंच कारण सांगितलं. खरं कारण दुसरंही होतं. माझ्या आठ किरकोळ रजांपैकी पाच उरल्या होत्या, आणि त्या पाचही ठरलेल्या. दोन सासूबाईंच्या मोतीबिंदूला, तीन मुलाच्या दहावीच्या पेपरांना. माझ्या तापासाठी त्यांतली एकही नव्हती. आमच्या ऑफिसातल्या कुठल्याही बाईला विचारा, रजा ती दुसऱ्याच्याच दुखण्यासाठी राखते. स्वतःचं दुखणं डब्याबरोबर पिशवीत घालून आणते.

त्या दिवशी एसीच्या खोलीत माझ्या शेजारी बसून सहायक मुलीने बेरजा तपासल्या. तिसऱ्या दिवशी ती तापली, मग तिचं दीड वर्षाचं बाळ. बाळाला सलाइन लावावं लागलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मला मात्र तिच्या टेबलाकडे पाहिलं की अजून गलबलतं.

दहाच्या चहाला मावशी भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. हातातला कप थरथरत होता, चहा अ‍ॅप्रनवर सांडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पुढ्यातल्या ट्रेमध्ये तपासलेले आणि न तपासलेले पार्ट एकत्र झाले होते. सुपरवायझर तेवढ्यात येऊन गेला, बोलला काही नाही, ट्रे उचलून दुसरीकडे दिला. भला माणूस आहे. मी गेटपास फाडला, त्यांना रिक्षात बसवलं आणि ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन सर्टिफिकेट घ्यायला सांगितलं. रिक्षात बसताना त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, हाफ डे लागेल का खाडा?"

चार तास भरले तर हाफ डे. त्यांचे सव्वातीन भरले होते.

दुपारी मॅनेजरसाहेबांना अर्ज लिहिला. डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तर महिन्यातले दोन दिवस हजेरी भत्त्यात खाडा धरू नयेत. साहेबांनी वाचून ड्रॉवरमध्ये ठेवला, सोमवारी बोलू म्हणाले.

मावशींच्या ओळीत आजची चौकट मी पेन्सिलीनेसुद्धा भरलेली नाही. उद्या सकाळी अकराला मस्टर कॉन्ट्रॅक्टरकडे जातं.